कवीचा रकाना

ठाण्याच्या वर्तकनगरात सध्या दोनच प्रकारच्या इमारती आहेत : पुनर्विकासाला गेलेल्या आणि जाऊ घातलेल्या. म्हाडाच्या जुन्या वसाहतीत एकेका सोसायटीच्या सह्या पुऱ्या होतात, भाड्याचे चेक हातात पडतात आणि घर रिकामं करायची तारीख येऊन ठेपते. मग घरातल्या प्रत्येक वस्तूला आपण इथे कशासाठी आहोत याचा खुलासा द्यावा लागतो. फ्रिज, कपाट, गॅस यांची सुटका पटकन होते. आजीचं तांब्याचं घंगाळ आधी मोडीत निघतं आणि नव्या हॉलच्या कोपऱ्यात ‘अँटिक’ दिसेल एवढ्या एका मुद्द्यावर परत येतं. सीड्यांच्या खोक्याची बाजू मांडायला मात्र कुणी पुढे येत नाही. सीडी वाजवायचं यंत्रच घरात उरलेलं नसतं. लॅपटॉपच्या कडेला पूर्वी जो खण बाहेर यायचा, तो कंपन्यांनी केव्हाच बुजवला. भंगारवाला खोका उचलून बघतो, प्लॅस्टिकच्या डब्यांचे पैसे सांगतो आणि आतल्या तबकड्या फुकटात नेतो.

काही तबकड्यांना त्याआधीच दुसरी नोकरी लागलेली असते. पोखरण रोडने जाताना वर मान करून बाल्कन्या पाहाव्यात. दोऱ्याला टांगलेली सीडी वाऱ्यावर गिरक्या घेत उन्हाची तिरीप फेकत असते, कबुतरांनी घाबरावं म्हणून. कबुतरं घाबरत नाहीत. येऊरच्या बाजूने एखादा नवखा पक्षी आला तर दचकत असेल. वर्तकनगरची मूळ कबुतरं सीडीच्या शेजारीच संसार थाटतात. एका बाल्कनीतल्या सीडीवरची छापील अक्षरं मला खालून वाचता आली : ‘नाट्यसंगीत, भाग २’. भाग १ बहुधा मागच्या खिडकीत असावा.

आपला खोका या दोन्ही वाटांना जाऊ द्यायचा नाही असं मी ठरवलं. सीड्यांमधलं गाणं संगणकात उतरवून घ्यायचं, आणि उतरवायचंच तर कणभरही न गाळता. भाचा संगणकाच्या धंद्यातला, म्हणून त्याला विचारलं.

“मामा, कशाला एवढा उपद्व्याप? सगळं फोनवर आहे की.”

सगळं आहे हे खरं, आणि त्यातलं कुठलं आहे ते कळत नाही हेही खरं. गीतरामायण घ्या. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ही मालिका वर्षभर चालली आणि तिची ५६ गीतं झाली. तेव्हा ती निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायली होती; पुढे ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजात. आता फोनला ‘गीतरामायण’ म्हणावं, तर बाबूजींचं, मैफिलीतलं, कुठल्या तरी स्नेहसंमेलनातलं आणि बासरीवरचं अशी सगळी रामायणं एकदम हजर होतात. शिवाय हे गाणं आपलं नसतं. कंपनीचा करार संपला की एके सकाळी ते तिथे नसतं, आणि करार संपणं म्हणजे काय हे वर्तकनगरकरांना समजावून सांगायला नको. पुन्हा विकत घेऊ म्हणावं तर कुठे घेणार? काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाउससुद्धा २०१६ मध्ये बंद झालं.

भाच्याने मान डोलावली आणि बाहेरून जोडायचा एक सीडी ड्राइव्ह मागवून दिला. हजार-दीड हजारात मिळाला. चालू झाला की मिक्सरच्या खालच्या पट्टीत गातो.

इथे अनेकांचा एक गैरसमज असतो. सीडी संगणकात घातली की पडद्यावर फायली दिसतात. त्या उचलायच्या आणि पेनड्राइव्हवर टाकायच्या, झालं. आमच्या शेजारच्या काकांनी असं अख्खं कपाट एका दुपारी पेनड्राइव्हवर उतरवलं आणि ‘केवढी ही प्रगती’ म्हणत मला दाखवायला आणलं. त्यातली प्रत्येक फाइल ४४ बाइटची होती. मल्लिकार्जुन मन्सूर ४४ बाइट आणि बालगीतंही ४४ बाइट. कारण गाण्याच्या सीडीवर फायली नसतातच. विंडोज तिथे दाखवतं ती नुसती पाटी : अमुक गाणं अमुक ठिकाणी सुरू होतं. काका पाट्या घेऊन आले होते, घरं सीडीवरच राहिली होती.

सीडीवर असते ती एक सलग वळत गेलेली रेघ. आतून सुरू होते आणि बाहेरच्या कडेला संपते. उलगडली तर पाच किलोमीटरच्या वर भरेल, म्हणजे वर्तकनगर नाक्यावरून ठाणे स्टेशन गाठूनही थोडी उरेल. त्या रेघेवरच्या सूक्ष्म खड्ड्यांमध्ये आवाजाची मोजमापं लिहिलेली असतात : सेकंदाला ४४,१०० वेळा, डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगळी, प्रत्येक माप १६ बिटांचं. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० मध्ये हे नियम ठरवले, १९८२ मध्ये जपानात सीडी विकायला आली आणि तेव्हापासून त्यात फरक झालेला नाही. बाल्कनीत टांगलेल्या ‘नाट्यसंगीत, भाग २’ वरही मापं शाबूत असण्याची शक्यता आहे. ओरखड्याचा विचार या लोकांनी आधीच करून ठेवला होता. शेजारशेजारची मापं रेघेवर मुद्दाम लांबलांब विखरून लिहिलेली असतात, म्हणून दोन-अडीच मिलिमीटरचा ओरखडा गेला तरी हरवलेले आकडे बाकीच्यांवरून हिशेबाने परत मिळतात. त्याहून मोठा गेला तर साधा सीडी प्लेयर मधली जागा अंदाजाने भरतो आणि आपल्याला कळूही देत नाही. जाता जाता एक सांगून ठेवतो. आपण सीडीची खालची चकचकीत बाजू जपतो, पण खालून एक मिलिमीटरहून जाड प्लॅस्टिकचं कवच असतं. नाजूक असते ती वरची, नाव छापलेली बाजू. तिथे पातळ लाखेखाली लगेच तो चांदीसारखा थर आहे. बॉलपेनने त्यावर ‘दादाला परत द्यावी’ असं दाबून लिहिलं की ती परत देण्यात फारसा अर्थ उरत नाही.

साध्या प्लेयरची अंदाजाने भरलेली जागा मला नको होती. यासाठी एक जुना जर्मन प्रोग्रॅम आहे, ‘एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी’, १९९८ पासूनचा, आंद्रे विथोफ या एकट्या माणसाने लिहिलेला. त्याचा चेहरा अजून १९९८ चाच आहे आणि स्वभाव जुन्या बँकेतल्या कॅशियरचा. प्रत्येक तुकडा निदान दोनदा वाचतो. दोन्ही वेळी आकडा सारखा आला तर पुढे जातो, नाही आला तर परत वाचतो, आणि फारच शंका आली तर ८२ वेळांपर्यंत वाचतो. पावसाळ्यात ठाण्याची हवा खाऊन बुरशी धरलेल्या एका अभंगाच्या सीडीवर त्याने अर्धी रात्र काढली. शेवटी अहवाल दिला : तिसऱ्या अभंगात अमुक मिनिटाला, अमुक सेकंदाला संशयास्पद जागा. तिथे मी कान देऊन ऐकलं. वीणेकऱ्याने मांडी बदलली असेल तर असेल, एरवी काही नव्हतं.

याच्या काटेकोरपणाची कमाल म्हणजे ऑफसेट. प्रत्येक ड्राइव्ह सीडी वाचायला ठरल्या जागेच्या किंचित आधी किंवा नंतर सुरुवात करतो. समजा सहा मापं इकडेतिकडे झाली, म्हणजे सेकंदाचा सात हजारावा भाग. तेवढी चूकही दुरुस्त करून घ्यायची असते. ज्या गावात ८.२३ ची लोकल ८.३१ ला आली तर लोक ‘आज वेळेवर’ म्हणतात, तिथे बसून मी हे केलं.

पण त्यामागे एक फार छान सोय आहे. उतरवलेल्या प्रत्येक गाण्याच्या आकड्यांची एक गोळाबेरीज निघते, आणि जगात आणखी कुणी तीच सीडी उतरवली असेल तर त्याच्या बेरजेशी ती ताडून पाहता येते. ‘ॲक्युरेटरिप’ नावाचा माहितीसाठा हे काम करतो. इंग्रजी रॉकच्या सीडीला शेकडो लोकांचा दुजोरा येतो. मराठी सीडी घातली की बहुतेकदा शून्य : ही तबकडी आमच्या दप्तरी नाही. मग एका रात्री माणिक वर्मांच्या सीडीला उत्तर आलं : जुळते, दुजोरा दोन. कुठे तरी, पुण्यात की न्यू जर्सीत देव जाणे, आणखी दोन माणसांनी ही सीडी इतक्याच चिकाटीने उतरवली होती आणि त्यांचा आकडा माझ्याशी शेवटच्या बिटापर्यंत जुळत होता. त्यांचं नाव कळत नाही, कळायची सोयही नाही. तरी मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, “मग आता तिघेही झोपा.”

आता हे साठवायचं कशात? इथे फार विचार करावा लागत नाही. ‘फ्लॅक’ हा प्रकार जॉश कोलसन नावाच्या माणसाने २००१ मध्ये फुकट खुला केला. तो गाण्याची फाइल आवळून साधारण निम्म्या-पाऊण आकाराची करतो आणि उघडली की मूळचा प्रत्येक आकडा जसाच्या तसा परत देतो. तासाभराची सीडी तीनशे-साडेतीनशे एमबीत बसते. ॲपलवाल्यांचा ‘अलॅक’ही तितकाच प्रामाणिक आहे, मॅकवर राहायचं असेल तर तो घ्यावा, पुढे केव्हाही एकातून दुसऱ्यात जाता येतं, काही सांडत नाही. एमपीथ्रीचं तसं नाही. माणसाच्या कानाला ऐकू येणार नाही असं त्याला जे वाटतं ते तो टाकून देतो, आणि टाकलेलं परत येत नाही. म्हणून घरातल्या जुन्या एमपीथ्री फ्लॅकमध्ये रूपांतरित करून ‘आता क्वालिटी वाढली’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की ताक कितीही महाग भांड्यात ओतलं तरी त्याचं दूध होत नाही.

फरक ऐकू येतो का, हा प्रश्न लोक डोळे बारीक करून विचारतात. खरं सांगतो : भाच्याने डोळ्यांआड परीक्षा घेतली तेव्हा ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीत आणि फ्लॅकमध्ये मला फरक सांगता आला नाही. पण स्टेशनच्या पुलावर पूर्वी मिळायच्या त्या ‘दीडशे भक्तिगीतं एका सीडीत’ जातीच्या, १२८ वाल्या फायलींत कुणालाही कळेल. टाळ ऐका. टाळांची ती धातूची, कडक, लांब रेंगाळणारी किणकिण आवळणं एमपीथ्रीला सगळ्यात जड जातं. भीमसेनजींच्या मागे टाळ वाजत नाहीत, पाण्यात बुडवून हलवल्यासारखे सळसळतात. तानपुऱ्याची जवारीही अशीच पुसट होते. तेवढं एकदा कानाला लागलं की परत जाता येत नाही.

बाकी १६ बिटांमध्ये ९६ डेसिबलपर्यंतचा चढउतार मावतो म्हणतात. वर्तकनगरात त्याचा खालचा अर्धा भाग कायम व्यापलेला असतो : खाली रिक्षा, समोर पुनर्विकासाचं पायलिंग, बाजूला कुकर, गुरुवारी साईबाबा मंदिराची गर्दी, भाद्रपदात ढोल-ताशे. वरचा अर्धा भाग वापरला तर सोसायटीचं पत्र येतं. राहिलेल्या फटीतून आपण संगीत ऐकायचं. आणि बालगंधर्वांच्या ७८ गतीच्या तबकड्यांवरून केलेल्या सीड्या उतरवताना तर मला स्वतःचंच हसू आलं. त्या काळच्या तबकडीत फार वरचे सूर उतरलेलेच नाहीत. वरच्या पट्टीत आहे ती सगळी सुईची खरखर. खरखर ही गणिताच्या दृष्टीने आवळायला अवघड गोष्ट, कारण तिच्यात काही नियमच नसतो. त्यामुळे फाइलमधली बरीचशी जागा गंधर्व घेत नाहीत, खरखर घेते. ती मी कणभरही न गाळता जपून ठेवली आहे.

इथवरचं काम यंत्राचं होतं. माझं काम नंतर सुरू झालं, ते नावांचं.

सीडीवर गाण्यांची नावं बहुधा लिहिलेली नसतात. संगणक गाण्यांच्या लांब्या मोजतो, सेकंदाचा ७५ वा भाग हे माप धरून, आणि त्या लांब्यांवरून जगातल्या एखाद्या माहितीकोशाला विचारतो, ही कोण? दहा-बारा गाण्यांची सीडी असली तर ओळख पटते. पण आपल्या शास्त्रीय सीडीवर दोनच ट्रॅक : एक चाळीस मिनिटांचा, दुसरा बारा मिनिटांचा. अशा तबकड्या जगात पुष्कळ असतात. माझ्या एका पूरिया धनाश्रीला असंच कुठल्याशा परदेशी वाद्यवृंदाचं नाव आणि गोठलेल्या तळ्याचं चित्र मिळालं. जिथे ओळख बरोबर पटते तिथे कुण्या भल्या माणसाने घाईत रोमन लिपीत नावं भरलेली असतात, आणि प्रत्येकाची घाई वेगळी. एकाच लताबाई तीन स्पेलिंगांत तीन गायिका होतात.

पण खरा घोळ स्पेलिंगचा नाही, रकान्यांचा आहे. पडद्यावर रकाने येतात : ट्रॅक, आर्टिस्ट, अल्बम, वर्ष, प्रकार. हे रकाने ज्यांनी आखले त्यांच्याकडे एक बँड असतो, तो स्वतः लिहितो, स्वतः वाजवतो, स्वतः गातो आणि वर्षा-दोन वर्षांनी एक अल्बम काढतो. मराठी भावगीताचा आणि अल्बमचा काय संबंध? ते एकेकटं जन्माला आलं. तीन मिनिटांच्या तबकडीवर आलं, रेडिओवर घुमलं आणि मग ‘सदाबहार’, ‘अवीट’, ‘सुवर्णस्मृती’ अशा नावांच्या आठ संकलनांत आठदा शिरलं. त्याचा खरा पत्ता आकाशवाणीच्या निवेदकाला ठाऊक होता. ‘आपली आवड’मध्ये तो ठरलेल्या चालीत सांगायचा : गीत अमुक यांचं, संगीत अमुक यांचं, स्वर अमुक यांचा. कवी आधी, गायक शेवटी. आमच्या पिढीच्या डोक्यातलं कपाट याच क्रमाने लागलेलं आहे.

ठाणेकराला तर हे जास्तच झोंबतं. निवृत्तिनाथ रावजी पाटील म्हणजे जनकवी पी. सावळाराम सांगली जिल्ह्यातल्या येडेनिपाणीचे, पण राहिले ठाण्यात आणि ठाण्याचे नगराध्यक्षही झाले. एका शहराला भावगीतं लिहिणारा नगराध्यक्ष मिळाला होता, हे आज नळाला पाणी कमी येतं तेव्हा आठवून बरं वाटतं. त्यांचे शब्द, वसंत प्रभूंची चाल आणि लताबाई किंवा आशाबाईंचा आवाज, असं हे त्रिकूट. संगणकात सीडी गेली की आर्टिस्टच्या रकान्यात मंगेशकर येतात, प्रभू कधीमधी येतात आणि नगराध्यक्ष पूर्ण गायब. त्यांचं नाव असतं ते डब्याच्या आतल्या कार्डावर, मुंगीच्या अक्षरात, आणि ते कार्ड दमटपणाने डब्याला चिकटलेलं.

एमपीथ्रीच्या पहिल्या काळात तर जागेचाच प्रश्न होता. १९९६ मध्ये ठरलेली पद्धत अशी : फाइलच्या शेपटाला १२८ बाइट, त्यात गाण्याला ३०, गायकाला ३०, अल्बमला ३०. देवनागरीच्या एकेका चिन्हाला आजच्या पद्धतीने तीन बाइट लागतात. ती त्यात कोंबायचीच म्हटली तर एका जागेत संगीतकाराचं ‘श्रीनिवास’ मावतं आणि खळे बाहेर राहतात. प्रकारासाठी एक बाइट आणि ८० प्रकारांची बांधीव यादी. तिच्यात पोल्का आहे, ख्रिश्चन रॅप आहे, थट्टामस्करीसाठीही स्वतंत्र नंबर आहे. नाट्यगीत नाही, अभंग नाही, लावणी नाही.

फ्लॅकमध्ये सुदैवाने ही सक्ती नाही. हवे तितके रकाने स्वतः आखता येतात, आत देवनागरी चालते, लांबीची काळजी नाही. फक्त रकान्याचं नाव रोमन लिपीत द्यावं लागतं. मग मी बसलो. कवी, संगीतकार, स्वर, राग, ताल, नाटक, नाटककार, तबला, संवादिनी. नाट्यगीताला नाटक हवंच. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ चं, दारव्हेकरांचं, संगीत अभिषेकींचं आणि खाँसाहेब वसंतराव. यातलं एक जरी गळलं तरी ते पद अधांतरी लटकतं. तरी अडलंच. ‘अभंग तुकयाचे’ उतरवताना गीतकार म्हणून तुकाराम लिहिलं, तर पुढचा रकाना वर्ष. खळ्यांनी चाल लावली ते घालावं की सतरावं शतक? आणि पु. ल. देशपांडे यांचं काय करायचं? गायक, संगीतकार, लेखक, अभिनेते, कथाकथनकार. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’त तर ते सगळीकडेच होते. शिवाय एका सीडीवर पु. ल., दुसरीवर पु.ल. आणि तिसरीवर पुलं; संगणकाच्या लेखी ती तीन निरनिराळी माणसं. त्यांना हे कळलं असतं तर त्यावर त्यांनी चौथं व्यक्तिचित्र लिहिलं असतं.

कुणी म्हणेल, हे नावांचं वेड आताचं. मुळीच नाही. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला ध्वनिमुद्रणासाठी आला, तेव्हा गौहरजान गाणं संपताना इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना हे गाणं कुणाचं ते कळावं आणि लेबल बरोबर लागावं म्हणून. आपल्या संगीतातला पहिला टॅग असा गाणारीने स्वतःच्या तोंडाने भरून ठेवला, आणि तो आजवर कुठल्या सॉफ्टवेअरला पुसता आलेला नाही.

एवढं झाल्यावर वाजवायला प्लेयर कुठला, हा प्रश्न वरवर सोपा. भाच्याने पाच-सहा लावून दाखवले. विनॅम्प १९९७ चं. त्याला रोज नवे कपडे घालायची हौस आम्ही पंचविशीत भागवली आहे. व्हीएलसी, पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं, रस्त्यावरच्या नारिंगी शंकूचं. त्याला काहीही द्या, वाजवतं, पण घरात काय काय आहे याची नोंद ठेवणं हा त्याचा स्वभाव नाही. म्युझिकबी देखणं आणि गुणी; विंडोज असेल आणि घरातल्या इतरांनाही वापरायचं असेल तर तेच घ्या. लिनक्सवाल्यांना स्ट्रॉबेरी. महिन्याचं भाडं घेऊन गायकाचं चरित्र, फोटो आणि वंशावळ दाखवणारेही आहेत. त्यांना आपले साबरी खाँ कोण आणि वझेबुवा कोण, हे आपणच शिकवायचं असेल तर भाडं त्यांनी द्यायला हवं.

माझी निवड फूबार २०००. पीटर पावलोव्स्की याने २००२ मध्ये आणलेलं, फुकट. उघडलं की महसूल खात्याचा कोरा फॉर्म समोर आल्यासारखं वाटतं, रंग नाही, चित्र नाही. पण त्या फॉर्मवर रकाने तुम्ही आखायचे. मी पहिला रकाना कवीचा केला, दुसरा संगीतकाराचा, तिसरा स्वराचा. नाटकावरून, रागावरून शोधता येतं. भाचा म्हणाला, “मामा, हे एक्सेल दिसतंय.” असू दे.

निवडताना तीन गोष्टी मात्र पाहून घ्याव्यात. एक, दोन ट्रॅकमध्ये क्षणाचाही खंड पडता कामा नये. सीडी करणाऱ्यांनी मैफल जिथे कापली असेल तिथे प्लेयर अडखळला की विलंबित संपून द्रुत सुरू होतानाची सम हातची जाते. दोन, आवाजाची पातळी सारखी करायची सोय, तिला रिप्लेगेन म्हणतात. ती गाण्याला हात लावत नाही, फक्त चिठ्ठी जोडते की हे एवढ्या आवाजात वाजवा. ती नसताना रात्री साडेदहाला कुमारांच्या निर्गुणी भजनासाठी आवाज वाढवून ठेवलेला असतो आणि पाठोपाठ ‘सैराट’ सुरू होतं. तीन, क्रम. गाण्याला 'एक' न म्हणता 'शून्य एक' म्हणावं, नाहीतर एकानंतर दहा येतो, मग अकरा, आणि गीतरामायणात रामजन्माआधीच वनवासाची तयारी सुरू होते. आणि ते वाटेल तसं पिसून वाजवायचं बटण आपल्या संगीतासाठी कायमचं बंद ठेवावं. त्याने एका रविवारी सकाळी पाहुणे बसलेले असताना पहिलीच भैरवी लावली. जुने जाणते पाहुणे. मैफल संपली समजून चहा न घेता उठायला लागले.

आवाज शुद्ध हवा म्हणून फूबारला साउंड कार्डावर एकट्याचा हक्क देता येतो. मग संगणकातला दुसरा कुठलाही आवाज मध्ये शिरत नाही. “अहो, ताईचा व्हिडिओ कॉल आहे, ती नुसतीच तोंड हलवतेय,” असं आतून आल्यावर तो हक्क मी काढून घेतला. ऐकण्यात काडीचा फरक पडला नाही.

सगळा खोका आता अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हवर मावला आहे, आणि दुसरी प्रत भाच्याकडे आहे, कारण पेनड्राइव्हला सह्या आणि नोटीस लागत नाही, तो न सांगता जातो. मूळ सीड्या मी टाकल्या नाहीत. डबे गेले; तबकड्या आणि आतली कार्डं पाकिटात घालून ठेवली.

या कामात एकट्यानेच मेहनत करायचं कारण नाही. म्युझिकब्रेन्झ नावाचा खुला माहितीकोश आहे. तिथे खातं उघडायला पैसे पडत नाहीत, आणि गीतकार, संगीतकार, साथीदार अशी प्रत्येक माणसाची स्वतंत्र नोंद करता येते. तुमच्या घरात मराठी सीड्या असतील तर निदान त्यांच्या कार्डांवरची नावं तिथे भरा. देवनागरीत भरा. आणि सावळारामांच्या ‘पी’पुढे टिंब द्या, एक जागा सोडा, नाहीतर आमचे नगराध्यक्षही दोन होतील.